मुंबईहून आलेली खाऱ्या पाण्याची टाकी

प्रश्न : माझे मामा मुंबईतून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा सामानाच्या टेम्पोतून त्यांची माशांची काचेची टाकीही आली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात ते समुद्राचे मासे ठेवायचे. आता बरीच वर्षं ती माडीवर कोरडी पडून आहे. काचांवर पांढरे आणि कुठेकुठे जांभळट थर बसलेत. तळाशी वाळू आहे, भोकाभोकांचे चार मोठे दगड आहेत आणि पांढऱ्या फांद्यांचं एक प्रवाळ. सोबत दोन पंप, एक हीटर आणि एक उभं नळकांडं आहे, त्याचा उपयोग आम्हाला कळत नाही. घरचे म्हणतात, भंगारवाल्याला द्या. मुलगी म्हणते, मासे आणा. टाकी साफ होईल का? कशाने? आणि आमच्या गावात समुद्राचे मासे जगतील का?
— एक वाचक, रहिमतपूर

उत्तर : भंगारवाल्याला देऊ नका. मिठाच्या पाण्याने काच सहसा बिघडत नाही. बिघडतं ते काचा जोडणारं सिलिकॉन, आणि तेही नव्याने भरता येतं. तुम्ही दिलेल्या मापाची नवी टाकी बनवायला काचवाला आज चांगले पैसे घेईल. थोडे दिवस आणि थोडं व्हिनेगर खर्च करून जुनी वाचत असेल, तर वाचवावी.

पण हातात फडकं घेण्याआधी मामांशी निवांत बोला. तीन गोष्टी विचारा. टाकी बंद का केली: घर बदललं म्हणून, की मासे एकामागोमाग मेले म्हणून? ती कधी गळाली होती का, कुठल्या कोपऱ्यातून? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माशांना कधी तांब्याचं औषध दिलं होतं का? समुद्राच्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येण्याचा एक रोग असतो, क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे होणारा. त्यावर तांब्याच्या क्षाराचं निळसर औषध पाण्यात घालण्याची पद्धत जुनी आहे. मासे ते सोसतात. पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ अशा बिनकण्याच्या प्राण्यांना तांब्याची किंचित मात्राही मारक ठरते. वाळू आणि चुनखडीचे दगड हे तांबं धरून ठेवतात आणि पुढे सावकाश पाण्यात सोडत राहतात. मामा ‘हो’ म्हणाले तर वाळू आणि दगड काढून टाका, आणि टाकी घासून धुतली तरी फक्त माशांसाठीच ठेवा. त्यांना आठवत नसेल, तरी ‘हो’ समजूनच चाला.

आता थर. तुमच्या वर्णनावरून त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असाव्यात. वरच्या कडेला, झाकणाच्या खाली जी पांढरी भुकटी जमते ते साधं मीठ. पाण्याचे शिंतोडे उडतात, पाणी वाळतं, मीठ राहतं. पाण्याच्या पातळीवर आणि पंपाजवळ जो चिवट पांढरा थर असतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा. आणि जांभळट, गुलाबी पुटं ही एका समुद्री शेवाळाची. हे शेवाळ अंगात चुना भरतं आणि खवल्यासारखं काचेला चिकटतं. ते आता मेलेलं आहे, पण त्याचा चुना तसाच आहे. ओळखायची रीत सोपी आहे. थरावर साध्या पाण्याचा थेंब टाका आणि बोटाने चोळा. विरघळला तर मीठ. नाही विरघळला, तर व्हिनेगरचा थेंब टाका आणि जवळून बघा. थेंबाच्या कडेने बारीक बुडबुडे सुटतील, मग थर खडबडीत होईल, मग नखाने निघेल. चुन्याशी आम्लाची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, ते हे बुडबुडे. मुलीला हे जरूर करू द्या. शाळेच्या प्रयोगशाळेत होतं त्यापेक्षा जास्त रसायनशास्त्र त्या एका थेंबात तिला दिसेल.

टाकी माडीवरून अंगणात न्यायला दोघं लागतील. मापावरून आणि आठ मिलिमीटर काच धरून नुसत्या काचेचंच वजन तीस-पस्तीस किलो भरतं. आधी वाळू आणि दगड काढा. टाकी वरच्या कडेला धरून उचलू नका, दोन्ही हात तळाखाली घालूनच उचला. तळात थोडंसं पाणी असतानाही हलवू नका. पाणी एका बाजूला धावतं आणि जोड उघडतो. खाली जुनी गादी किंवा सतरंजीच्या घड्या अंथरा, फरशीवर खडा राहिला तर तळाची काच तडकते. आणि सावलीत काम करा. उन्हात तापलेल्या काचेवर हौदातलं गार पाणी ओतलं की तडा जातो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हमखास.

पहिला दिवस साध्या पाण्याचा. टाकी समपातळीवर ठेवून चार-पाच इंच पाणी भरा, रात्रभर राहू द्या, सकाळी मगाने काढून टाका. मीठ यातच जाईल. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. किराणा दुकानात मिळतं ते पांढरं सिंथेटिक व्हिनेगर चालतं, त्यात साधारण चार टक्के ॲसेटिक आम्ल असतं. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घ्या. ते नसेल तर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे. टाकी गादीवर आडवी करा, म्हणजे थर असलेली काच खाली येईल. तिच्यावर जुनं सुती फडकं पसरा आणि फडकं व्हिनेगरने भिजवून ठेवा. उभ्या काचेवर नुसतं चोळत बसलात तर आम्ल ओघळून जातं आणि मनगट दुखतं. आडव्या काचेवर ते तासभर मुरतं आणि काम आपण होऊन होतं. मग मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने थर खरवडा. जाड पुटं राहिली तर पुन्हा फडकं, पुन्हा तासभर. एक बाजू झाली की दुसरी. घाई कराल तिथे काचेवर ओरखडा येईल, आणि काचेवरचा ओरखडा घरच्या घरी जात नाही.

ब्लेड वापरायचं तर सपाट काचेच्या मधल्या भागावरच, तिरपं धरून. कोपऱ्यात नाही. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीला एकदा पातं लागलं की पाणी त्या चिरेतून वाट शोधतं. आणि टाकी काचेचीच आहे ना, हेही एकदा बघून घ्या. टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला आणि हाताला गार लागली तर काच. आवाज बद्द आणि वजन हलकं असेल तर ॲक्रिलिक. त्यावर पातं, तारेची घासणी, राख काहीही चालत नाही, फक्त मऊ कापड.

साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, फिनेल आणि बाथरूमच्या फरशीसाठी बाटलीत मिळणारं ॲसिड यांतलं काहीही टाकीच्या आसपास आणू नका. साबणाचा अंश सिलिकॉनला आणि पंपाच्या कोपऱ्यांना चिकटून राहतो. माशाच्या कल्ल्यांवर आणि अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचं कवच असतं. साबण तेच काढून घेतो. ज्या बादलीत, ज्या स्पंजने हे काम करणार ती बादली आणि तो स्पंजही नवा घ्या, आणि पुढे टाकीसाठीच राखून ठेवा.

मासे रोगाने मेले होते असं मामा म्हणाले तर निर्जंतुक करावं लागेल, आणि तेही सगळं व्हिनेगर धुऊन गेल्यावर वेगळ्या दिवशी. हे मी ठासून सांगतो, कारण क्लोरिनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. बिनवासाचं पातळ ब्लीच मिळालं तर एका भागाला वीस भाग पाणी. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर घरात असेल, तर ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच घ्या. पंधरा-वीस मिनिटं पुरे. मग चार-पाच वेळा धुवा, दोन दिवस मोकळ्या हवेत वाळू द्या, आणि अखेरीस दुकानात मिळणारं क्लोरिन मारायचं औषध घातलेल्या पाण्याने एकदा भरून रिकामी करा. क्लोरिनचा वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खरी परीक्षा. टाकी जिथे कायमची ठेवायची तिथे ठेवण्याआधी बाहेरच भरून बघायची. सपाट पाटावर थर्माकोलचा तुकडा, त्यावर टाकी, भोवती कोरडं वर्तमानपत्र. आधी एक तृतीयांश भरा, काही तास थांबा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पातळीवर चिकटपट्टी लावा आणि तीन दिवस राहू द्या. पाणी थोडं कमी होईलच, कारण आपली हवा कोरडी आहे. मग ते गळालं की वाळलं? शेजारी एक उभ्या कडांचं पातेलं पाणी भरून ठेवा आणि त्यावरही खूण करा. दोन्हींची पातळी साधारण सारखीच उतरली तर वाळलं. टाकीची जास्त उतरली तर गळतं आहे, भले कागद कोरडा दिसो.

गळालीच, तर वरून नवं सिलिकॉन थापून भागत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. आतल्या कोपऱ्यांची पट्टी पूर्ण कापून काढायची, काच स्पिरिटने पुसायची आणि सगळे कोपरे एकाच बैठकीत नव्याने भरायचे. हार्डवेअरच्या दुकानात ट्यूब घेताना वेष्टन वाचा. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन असेल तर ठेवून द्या, त्यातलं बुरशीनाशक माशांनाही मारतं. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते साधं सिलिकॉन चालतं, आठवडाभर पूर्ण सुकलं पाहिजे एवढंच. पण दोन काचांच्या मधल्या सांध्यातूनच पाणी येत असेल, तर टाकी पूर्ण सुटी करून पुन्हा जोडावी लागते. ते सराव असलेल्या माणसाचं काम. साताऱ्यात टाक्या बनवणारे काचवाले आहेत, त्यांच्याकडे न्या.

भरलेल्या टाकीचं वजन ध्यानात घ्या. कडेपर्यंत १९० लिटर, थोडी मोकळी ठेवली तर १७५. त्यात काच आणि वाळू धरली की सव्वादोनशे ते अडीचशे किलो, तेही साडेचार चौरस फुटांवर. जुन्या वाड्याची लाकडी माडी असेल तर टाकी खालच्या सोप्यातच, भिंतीलगत मांडा.

प्रश्न : धुतलेलं खारट पाणी परसातल्या झाडांना घातलं तर चालेल का? आणि ती वाळू?

उत्तर : नाही, दोन्ही नाही. तुम्ही कृष्णेच्या खोऱ्यातले आहात, क्षारपड जमीन म्हणजे काय ते वाळवा, मिरज, पलूसकडच्या शेतकऱ्याला विचारा. उसाला पाण्याचा अतिरेक झाला, निचरा नव्हता, आणि जमिनीवर पांढरा थर आला. सोडियम काळ्या मातीची कणीदार रचना मोडतो, मग माती चिकट होते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. एका टाकीतलं मीठ एकरभर रान बिघडवणार नाही. पण परसातल्या आल्याच्या वाफ्याला किंवा तुळशीच्या कुंडीला ते पुरेसं आहे. धुण्याचं पाणी गटारात सोडा. वाळू चार-पाच पाण्यातून धुऊन बांधकामाच्या भरावात द्या. प्लास्टरला किंवा सिमेंटला नको, कारण त्यात राहिलेलं मीठ लोखंड गंजवतं.

प्रश्न : प्रवाळ आणि दगडांचं काय करावं? प्रवाळ शोकेसमध्ये ठेवायची इच्छा आहे.

उत्तर : इथे थांबा. दगड आणि प्रवाळ या वेगळ्या गोष्टी आहेत. भोकाभोकांचे दगड तांब्याच्या शंकेतून सुटले असतील तर ते झाकलेल्या बादलीत साध्या पाण्यात काही आठवडे भिजत ठेवा आणि पाणी बदलत राहा. त्यांच्या पोटात मेलेल्या जिवांचे अवशेष असतात, सुरुवातीला वास येतो. वास थांबला की दगड तयार.

पांढऱ्या फांद्यांचं प्रवाळ हा मात्र वन्यजीवाचा अवशेष आहे. सगळी कठीण प्रवाळं, समुद्रपंखे आणि काळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला असतं त्या दर्जाचं हे संरक्षण आहे. समुद्रघोडेही याच यादीत आहेत. प्रवाळ मेलेलं असलं, किनाऱ्यावर सापडलं असलं, मामांनी कित्येक वर्षांपूर्वी दुकानातून घेतलं असलं, तरी ते विकणं किंवा कुणाला भेट देणं अंगाशी येऊ शकतं. जवळच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन जसं आहे तसं सांगा आणि ते सांगतील तसं करा. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते शोकेसमध्ये मिरवण्याची वस्तू नव्हे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणच्या परिसरात आजही जिवंत प्रवाळं आहेत. तिथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाची फांदी वर्षाला काही सेंटिमीटर वाढते, आणि गोल डोक्याची प्रवाळं तर काही मिलिमीटरच. तुमच्या हातातली फांदी कुठल्या तरी खडकावरून तोडून आणलेली आहे. मुलीला हेही सांगा.

प्रश्न : पुन्हा समुद्राचे मासे ठेवायचे तर पाणी कुठून आणायचं? गुहागरहून कॅनमधून आणता येईल, किंवा खडे मीठ घालून करता येईल असं कुणी सांगितलं.

उत्तर : खडे मिठाचा नाद सोडा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले क्लोराइड आणि सोडियम मिळून ८५ टक्के. राहिलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि थोडं बायकार्बोनेट. मासे आणि शिंपले जगतात ते या १५ टक्क्यांशिवाय नाही. आणि मिठागरात नेमकं तेच वगळलं जातं. पेण-उरणकडच्या मिठागरात पाणी आटत जातं तसा आधी चुना तळाशी बसतो, मग जिप्सम, मग मीठ. मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे खडे मीठ म्हणजे समुद्रातून निवडून काढलेला एकच पदार्थ. तो पाण्यात परत टाकला म्हणून समुद्र परत होत नाही.

कोकणातून पाणी आणणं शक्य आहे, पण त्याची शिफारस मी करणार नाही. कराड, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर, आणि परत. दिवस मोडतो. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी नद्यांच्या पुराने पातळ झालेलं असतं, खाडीच्या तोंडाशी गाळही असतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ पाण्यातही डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बंद कॅनमध्ये घाटाच्या उन्हात ते मरतात, कुजतात, आणि घरी पोचेपर्यंत पाणी नासायला लागलेलं असतं. शिवाय हे एकदाच करून भागत नाही. दर एक-दोन आठवड्यांनी दहा-पंधरा टक्के पाणी बदलावंच लागतं.

म्हणून जगभर तयार क्षारमिश्रण वापरतात. समुद्रापासून दूर समुद्राचं पाणी बनवायची खटपट जुनी आहे. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी १८५०च्या दशकातच क्षार मोजून घालून असं पाणी केलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं मत्स्यालय १८५३ साली उघडलं, त्याच सुमाराची ही गोष्ट. आपल्याकडे मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या काठावर. मामांनाही समुद्र हाकेच्या अंतरावर होता. तुम्हाला तो बादलीत करावा लागेल. १७५ लिटरला सहा किलोंहून थोडं जास्त मिश्रण, आणि नंतर दर बदलाला त्या हिशोबाने.

मिसळायचं पाणीही साधं चालत नाही. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच पुरावा. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. आरओचं पाणी घ्यावं, पण घरच्या स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची सोय असते. शे-दोनशे रुपयांचं टीडीएस मीटर घेऊन मोजा, आकडा शून्याच्या जवळ हवा. आणि टाकीतलं पाणी उडून पातळी उतरली की भर घालायची ती मीठ नसलेल्या पाण्याची, कारण मीठ उडत नाही. उन्हाळ्यात हे रोजचं काम होतं.

पाण्यापेक्षा मोठी अडचण उष्णतेची आहे. समुद्राच्या माशांना पाणी २४ ते २७ अंशांत लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-४० वर जातो. पंप आणि दिव्याची उष्णता त्यात मिळते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पुढे पाणी गार करणारा चिलर लागतो आणि तो टाकीपेक्षा महाग असतो. हिवाळ्यात उलट, पहाटे हीटर लागतो. आणि वीज गेली की दोन्ही बंद.

तरीही समुद्राचेच मासे हवेत, असं घरात ठरलं तर क्लाउनफिशची एक जोडी ठेवा, २००३ च्या चित्रपटातला निमो तो हाच. पण दुकानदाराला विचारून, टाकीत पैदास करून वाढवलेलीच घ्या. समुद्रातले शोभेचे मासे अजूनही बहुतेक करून खडकांवरून पकडून आणलेले असतात आणि वाटेत बरेच मरतात. क्लाउनफिशची पैदास मात्र केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने आपल्याकडे यशस्वीपणे करून दाखवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारणच नाही.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष ही टाकी गोड्या पाण्याची करा. हे दुय्यम म्हणून सांगत नाही. पाणी सांभाळायला मुलीने शिकावं, आणि तिच्या शिकण्याची किंमत समुद्रातून आणलेल्या जिवाने देऊ नये. समुद्राचे मासे तिला दाखवायचेच असतील तर सुट्टीत रत्नागिरीला न्या. तिथे झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, त्याचं संग्रहालय आणि मत्स्यालय लोकांसाठी असतं.

प्रश्न : गोड्या पाण्याची केली तर कुठले मासे? धुतली की लगेच सोडता येतील?

उत्तर : बोअरच्या जड पाण्यात गप्पी, मॉली आणि प्लॅटी आनंदाने राहतात. जुने चुनखडीचे दगड ठेवले तर पाणी आणखी जड होईल. या माशांना त्याचं काही नाही, मॉली तर थोडं मीठही सोसतो. टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांसाठी मात्र ते दगड काढावे लागतील. वाळू नदीची बारीक, पाणी निवळेपर्यंत धुतलेली.

लगेच मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. तुमच्या टाकीतली जुनी वस्ती कोरड्या माडीवर केव्हाच मेली, आणि ती तशीही खाऱ्या पाण्याची होती. नवी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पंप चालू, फिल्टर चालू, टाकीत मासे नाहीत, रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. कुणाकडे चांगली चालणारी गोड्या पाण्याची टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा मळलेला स्पंज मागून आणा आणि ओलाच तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, वेळ बराच वाचेल. तपासायचं किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की आधी तीन-चार गप्पी सोडा, पंधरा दिवसांनी आणखी.

गप्पी भराभर वाढतील. जास्त झाले म्हणून कमंडलू नदीत किंवा कृष्णेत सोडायचे नाहीत. हिवताप विभाग डासांच्या अळ्यांसाठी ठरावीक पाणसाठ्यांत गप्पी सोडतो, तो त्यांचा हिशोब. टाकीतले मासे आपण नदीत सोडले की काय होतं ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. शोभेचा म्हणून आणलेला सकर मासा त्यांच्या जाळ्यांत भरतो, जाळी फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. वाढलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा शेजारच्या टाकीला.

प्रश्न : पंप, हीटर आणि ते नळकांडं?

उत्तर : पंप उघडा, आतलं फिरतं चाक काढा आणि सगळे भाग रात्रभर व्हिनेगर-पाण्यात ठेवा. जुन्या टूथब्रशने घासा. मग बादलीभर पाण्यात तासभर चालवून बघा. चाकाच्या लोखंडी चुंबकावरचं प्लास्टिक फुटून गंज दिसत असेल तर पंप टाकून द्या. वायरीचं आवरण कुठे कडक होऊन चिरलं असेल तरी टाकून द्या, चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका. हीटर मी जुना वापरणार नाही. काच तडकलेली दिसत नाही, आत ओल गेलेली असते आणि पाण्यात हात घातल्यावर कळतं. नवा घ्या. वायरमनला बोलावून त्या प्लगला अर्थिंग आहे का आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवलेलं आहे का, हे बघून घ्या. वायर प्लगपर्यंत जाताना खाली एक वळसा घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता वळशावरून खाली गळेल.

उभं नळकांडं म्हणजे प्रोटीन स्किमर. त्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे खाऱ्या पाण्यातून वर चढतात, पाण्यातली घाण बुडबुड्यांना चिकटते आणि वरच्या वाटीत तपकिरी फेस होऊन जमते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, फेस धरत नाही, म्हणून तिथे त्याचा उपयोग नाही. व्हिनेगरने धुऊन, वाळवून, वाटी आणि झाकण एकत्र बांधून ठेवा. विकायचंच असेल तर पुण्यात किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानांतून जुन्या स्किमरला गिऱ्हाईक मिळतं. पण मुलीचं वर्ष संपेपर्यंत थांबा.